ईशाचा पाचवा मणका आणि मी लिहिलेली शून्यं

स्क्रीनवरच्या एमआरआयमध्ये माझ्या मुलीच्या कमरेचे मणके दिसत होते. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने पाचव्या मणक्यावरची एक जागा दाखवली आणि म्हणाले, "स्पॉन्डिलोलिसिस." माझा चेहरा पाहून त्यांनी समजावून सांगितलं. मणक्याच्या मागे हाडाचा एक अरुंद भाग असतो. पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकवली की त्यावर ताण येतो आणि एक दिवस तिथे चीर पडते. हाड एकदा पडून मोडत नाही, रोज थोडं थोडं मोडतं. ईशाला ही चीर दोन्ही बाजूंना होती.

"किती दिवसांपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं.

ईशा तेरा वर्षांची आहे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "टेन डेज, मेबी," ती म्हणाली.

सात आठवडे झाले होते. त्या खोलीत हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी गप्प बसलो.

ज्यांची मुलं एखाद्या खेळावर जीव टाकतात, अशा आईबापांसाठी मी हे लिहितो आहे. आजाराची माहिती कुठेही मिळेल. मी काय केलं ते मात्र मलाच सांगावं लागेल.

आम्ही शारजात अल मजाजला राहतो. ईशाची जिम्नॅस्टिक्सची शाळा दुबईत अल कूझमधल्या एका जुन्या गोदामात आहे. आठवड्यातून चार दिवस ऑफिसमधून निघून मी तिला घेऊन ट्रॅफिकमधून तिकडे जायचो. तिची कोच एमेशे हंगेरीची आहे, पंचेचाळिशीची. एके काळी ती तिच्या देशाच्या संघात होती, एवढंच आम्हाला माहीत होतं.

एमेशेचा एक नियम होता. प्रत्येक मुलीचं एक कार्ड असे. सरावाआधी आईने किंवा वडिलांनी मुलीला विचारायचं, कुठे दुखतंय का, किती दुखतंय. शून्य ते दहामधला आकडा लिहून सही करायची. आकडा तीनच्या वर गेला की त्या दिवशी पाठ मागे वाकवायची नाही, उड्या मारायच्या नाहीत. बाजूला बसून फक्त हलके व्यायाम.

पहिल्यांदा ईशा गाडीत म्हणाली, "बाबा, फोर." अबू धाबीच्या स्पर्धेची निवड जवळ आली होती. मी शून्य लिहिलं.

"दॅट्स नॉट व्हॉट आय सेड."

"अगं, अंग दुखणारच. आम्ही काय कमी दुखवून घेतलंय? यल्ला, उशीर होतोय."

मी सांगलीत शाळेच्या मल्लखांब पथकात होतो. मांडीची सालं निघायची, खांदे भरून यायचे. कुणी दुखतंय म्हटलं की सर त्याला आणखी दहा वेळा चढायला लावत. त्यामुळे आम्ही तो शब्दच टाकून दिला होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. पाठ मागे वाकवताना होणारं दुखणं आणि सोललेली मांडी यांत फरक असतो, हे मला कधी सुचलंच नाही. मी घरी तिळाचं तेल कोमट करून तिच्या कमरेला चोळायचो आणि वाटायचं, मी काळजी घेतोय.

पुढे चारचे पाच झाले. गाडीत ती कमरेला आधार म्हणून दप्तर पाठीमागे घेऊन बसू लागली. सोफ्यावरून उठताना हाताने टेकू घेऊ लागली. नंतर नंतर तिने आकडा सांगणंच सोडलं. मी विचारायचो, "शून्य ना?" ती खिडकीबाहेर बघायची. मी सही करायचो.

मग एका संध्याकाळी बीमवर, म्हणजे उंचावरच्या अरुंद पट्टीवर, मागे कमान टाकून ती उभी राहिली, ती सरळ होईचना. एमेशेने तिला उचलून खाली घेतलं आणि मला म्हणाली, "आजच हॉस्पिटल."

एमआरआयनंतर डॉक्टरांना सीटी स्कॅन हवा होता. चीर नवी की जुनी ते त्यात कळतं. नवी असेल तर विश्रांती आणि पट्ट्याने जुळून येण्याची शक्यता बरी असते. जुन्या चिरेच्या कडा गुळगुळीत होतात आणि मग हाड हाडाला धरत नाही. "तुम्ही सांगता तेही मला उपयोगी पडतं," ते म्हणाले. "मशीन सगळं सांगत नाही."

इन्शुरन्सची मंजुरी यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी एका जागी बसू शकलो नाही. ऑफिसमध्ये दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो. घरी आल्यावर पुन्हा खाली उतरून समोरच्या लगूनच्या पाण्याकडेने चालत होतो, अर्ध्या वाटेवरून परत फिरत होतो. घरात ईशा आडवी पडून होती आणि मला तिच्या खोलीत जाववत नव्हतं.

माझी बायको नीता म्हणाली, "कमाल आहे पोरीची. एवढं दुखतंय आणि तोंडातून शब्द नाही. अगदी तुझ्यावर गेलीय."

मी पाणी प्यायला उठलो.

सीटीच्या दिवशी ईशा आत गेली. नीता तिच्याबरोबर होती. मी बाहेर बसलो, उठलो, पार्किंगचा वेळ वाढवायला खाली गेलो, परत आलो. तेवढ्यात एमेशे आली. डॉक्टरांनी मागवलेली ईशाची कार्डं तिने आणली होती. ती माझ्या शेजारी बसली आणि एकेक कार्ड बघू लागली.

"शून्य, शून्य, शून्य," ती म्हणाली. "दोन दिवस मी हेच बघते आहे. मला कसं दिसलं नाही? माझी चूक आहे."

मी कार्डांवरच्या माझ्या सह्या बघत होतो. मग ती स्वतःबद्दल बोलू लागली. त्याआधी ती कधी बोलली नव्हती.

सहाव्या वर्षी तिने सुरुवात केली. अकराव्या वर्षी घर सोडून खेळाडूंच्या वसतिगृहात गेली. पंधराव्या वर्षी ज्युनियर गटात देशात दुसरी आली. तिला अनइव्हन बार्स, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्या, आवडायचे, पण संघाला बीमवर मुलगी हवी होती, म्हणून ती बीमवर गेली. सतराव्या वर्षी युरोपच्या स्पर्धेत बीमच्या अंतिम फेरीत पोचली. त्या सकाळी तिच्या पाठीत इंजेक्शन दिलं होतं. उतरताना ती पडली. आठ जणींत आठवी.

"त्यानंतर आणखी दोन वर्षं खेळले. रोज सकाळी संघाचे डॉक्टर विचारायचे, दुखतंय का. कोच तिथेच उभे असायचे. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचो, नाही. एकोणिसाव्या वर्षी माझ्या पाठीत स्क्रू घातले." ती जराशी हसली. "शेवटची स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. फक्त बार्स. मी फार छान केले होते. बघायला वीस माणसं असतील, त्यातली निम्मी चहा पीत होती."

मग ती म्हणाली, "मुली खोटं सांगतात, मला माहीत आहे. मीही सांगितलं. म्हणून मी कार्ड मुलीच्या हातात देत नाही. बापाच्या हातात देते. बाप कशाला खोटं लिहील?"



"ती चार म्हणाली होती," मी म्हणालो. "मग पाच. शून्य मी लिहिलं. सात आठवडे."

एमेशेने कार्डं तारखेप्रमाणे लावली, रबर बँड लावला आणि माझ्या मांडीवर ठेवली. "हे मला सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "आत जाऊन डॉक्टरांना सांगा. तिच्यासमोर."

सीटी झाल्यावर डॉक्टरांच्या खोलीत मी सांगितलं. नीता समोर होती. ईशा खाली मान घालून बसली होती. डॉक्टर मला रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी खुर्ची ईशाकडे वळवली आणि सगळे प्रश्न तिला पहिल्यापासून पुन्हा विचारले. ती बोलू लागली, आणि कितीतरी वेळ बोलत होती. कुठे दुखतं, बसल्यावर किती, शिंकल्यावर किती. यातलं निम्मं मी कधी ऐकलंच नव्हतं.

सीटीत उजवीकडची चीर जुनी निघाली. डावीकडची ताजी होती.

"डावी जुळेल, इन्शाल्ला," डॉक्टर म्हणाले. "उजवीचं वचन देत नाही."

"आणि सात आठवड्यांपूर्वी आलो असतो तर?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "शक्यता जास्त होती. पण हा प्रश्न तुम्ही रोज विचारू नका. तिला तुमची गरज आहे."

तीन महिने कडक पट्टा, ज्याला ब्रेस म्हणतात. त्यात कमरेपासून बरगडीपर्यंत पाठ जवळजवळ वाकत नाही. शाळेतली मुलं तिला कासव म्हणायची, तीही हसायची. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. नीता माझ्याशी चार दिवस कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "पोर तुला वाचवायला खोटं बोलली. हे तुझ्या लक्षात आलंय का?" आलं होतं.

मी ईशाची माफी मागितली. ती म्हणाली, "ओके, बाबा." तिने मला माफ केलं की विषय संपवला, मला अजून माहीत नाही.

तीन महिन्यांनी डावी बाजू जुळली. उजवी नाही जुळली. डॉक्टर म्हणाले, अशा पाठीनेही माणसं खेळतात, पण पाठ काय म्हणते ते ऐकून. बीम, फ्लोअरवरच्या कोलांट्या आणि व्हॉल्टवरच्या उड्या बंद. बार्स हळूहळू. स्पर्धेचं नाव सध्या घ्यायचं नाही. मी त्यांचे मनापासून आभार मानले. एमेशेचेही मानले. तिने नुसती मान हलवली.

गेल्या आठवड्यात ईशा पहिल्यांदा बार्सवर लटकली. मी हॉलबाहेर गाडीत थांबलो होतो. दीड तासाचा सराव होता. वीस मिनिटांतच ती बाहेर आली, दार उघडून बसली.

"आज बस, बाबा," ती म्हणाली, मराठीत.

'एवढ्यातच?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि गाडी सुरू केली. तिने मला हे सांगितलं, एवढ्याचंच मला अप्रूप वाटत होतं.