मामांनी गाठीचं संजीवक तोडलं

दौलतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघायच्या तयारीत होतो. मामेभाऊ संदीप सांगत होता, बागेत चक्कर मारून आले, ओट्यावर टेकले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं. "दादा, डॉक्टर हृदय म्हणाले. हृदयच," हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. दहाएक वर्षं अंगात मुक्काम ठोकून बसलेल्या कॅन्सरला मामांनी शेवटपर्यंत जिंकू दिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी असतानाच मला अभिमान वाटला, आणि लगेच त्याची लाजही वाटली... मी दोन महिने मामांच्या गावी, वणीकडे फिरकलो नव्हतो.

मी नाशिकला फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो. लैंगिक हार्मोनवर काम करणारी औषधं हा माझा ठरलेला धडा. दरवर्षी फळ्यावर बाण काढत, मुलांच्या नजरा टाळत मी तो उरकतो. मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तो हाडापर्यंत गेलेला होता आणि नाशिकच्या डॉक्टरांनी हार्मोनचं इंजेक्शन सांगितलं, तेव्हा दवाखान्यातून परतताना गाडीत मामांनी मलाच धरलं. "पोरांना शिकवतोस ना? मग मला शिकव." मी चाचरत सांगितलं. ही गाठ पुरुषाच्या हार्मोनवर पोसते. ते तयार करायचा हुकूम मेंदूखालची एक ग्रंथी देते. इंजेक्शन त्या ग्रंथीच्या इतकं सतत मागे लागतं की शेवटी ती दमून हुकूम देणंच सोडते. सुरुवातीला मात्र हार्मोन उलट वाढतं, म्हणून आधी गोळ्या द्यायच्या. त्या हार्मोनला गाठीच्या दारातच अडवतात. मामांनी सगळं ऐकून घेतलं. द्राक्षाचे मणी फुगावेत म्हणून घड संजीवकात बुडवण्यात, म्हणजे डिपिंगमध्ये, त्यांची उभी हयात गेलेली. ते म्हणाले, "म्हणजे गाठीचं संजीवक तोडायचं." इंजेक्शनचं औषध तीन महिने थोडं थोडं झिरपत राहतं म्हटल्यावर, "मग अंगात ठिबकच बसवलं म्हणा की," असं म्हणून हसलेही. दिंडोरी मागे पडल्यावर मात्र त्यांनी काच खाली केली आणि बाहेर बघत विचारलं, "आणि मग मी गडी राहीन का रे?"

माझ्या धड्यात त्याचं उत्तर नव्हतं. ते उत्तर मामांनीच पुढं शोधलं, आणि मी ते फक्त बघत राहिलो.

इंजेक्शन लागू पडलं. ऐन थंडीत सोसायटीच्या बैठकीत मामांना अंगातून वाफा निघाल्यासारखं होई, स्वेटर काढून ते टोपीनं वारा घेत बसत. छाती दुखरी झाली, अंग सैल पडलं, इच्छा गेली. मामीला पाळी जायच्या वयात हेच झालं होतं आणि मामांनी तेव्हा त्याला नाटकं म्हटलं होतं. आता मामी पदरानं त्यांना वारा घालायची आणि म्हणायची, "नाटकं लय झाली आज." मामा ऐकून घ्यायचे. एकदा माझ्यासमोरच ते तिला म्हणाले, "चुकलं माझं तेव्हा." मामी वारा घालत राहिली. माझ्या आजोळी पुरुष माणसानं बायकोला असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यांनी एक चूक केली, अगदी बागायतदाराची चूक. रक्तातला कॅन्सरचा आकडा जवळजवळ शून्यावर आला तसं त्यांनी इंजेक्शनला जाणं सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही. मण्याला साइज आली की डिपिंग थांबवायचं, हा त्यांचा हिशेब. आकडा पुन्हा चढला, कंबर पुन्हा धरली, तेव्हा कळलं. माझा जीव अर्धा झाला, कारण ते थांबवायचं नसतं हे मी पुरेसं समजावलं नव्हतं असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. मी तसं बोललो तर मामा वैतागले. "तुला अपराधी व्हायची हौसच हाय. माझी चूक मला ठेवू दे की." मी म्हणालो, डिपिंगनं आपण काहीतरी देतो मामा, इथं आपण काहीतरी अडवून धरलंय. मामा म्हणाले, "म्हणजे हा वाफ्यावर अंथरायचा मल्चिंगचा पेपर हाय. पेपर काढला की तण वर." त्यानंतर त्यांनी एकही इंजेक्शन चुकवलं नाही. द्राक्षाची तोडणी ऐन भरात असतानाही गाडी काढायला लावत. आकडा पुन्हा खाली आला, आणि पुढं डॉक्टरांनी जोडीला आणखी गोळ्या दिल्या तेव्हा त्याही बिनतक्रार घेतल्या.

त्यांचा खरा विजय मी पाहिला तो गावातल्या बागायतदारांच्या मेळाव्यात. फवारणीवरची भाषणं संपल्यावर मामा उठले आणि म्हणाले, आता माझ्या बागेचं सांगतो. लघवी अडण्यापासून इच्छा जाण्यापर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, जसं भुरी रोगाचं सांगावं तसं. मी मान खाली घालून बसलो होतो. मागून एकजण म्हणाला, "आबा, आता लुगडं नेसणार का मग?" मंडप हसला. मामाही हसले. "नेसंन की. माझ्या हातानं नेसंन. तू लाजत बसलास तर तुला चौघं मिळून पांढऱ्या कापडात गुंडाळतील." त्यानंतर हसू थांबलं. महिन्याभरात तोच माणूस तपासणीसाठी मामांच्या गाडीत बसून नाशिकला आला. नंतर सुरगाण्याकडूनही माणसं येऊ लागली. कुणी द्राक्षाची काडी बघायला आलोय म्हणे, कुणी रस्ता चुकलो म्हणे. मामा त्यांना ओट्यावर बसवत, इकडचं तिकडचं बोलू देत, आणि मग हळूच विचारत, "लघवी कशी होते?"

तेराव्यानंतर मी त्याच ओट्यावर बसलो होतो. एक अनोळखी माणूस फाटक उघडून आला. साठीचा असेल, हातात दवाखान्याची पिशवी. दौलतआबा आहेत का म्हणाला. मी उठलो. आबा नाहीत हे सांगायचं, मग औषधाचं सांगायचं, अशी मनात जुळवाजुळव करत होतो. माझा तर हा विषयच. तोवर मामी बाहेर आली. ते गेल्याचं तिनं एका वाक्यात सांगितलं. तो माणूस ओशाळून वळला.

"कुठं निघालात? बसा," मामी म्हणाली. "इंजेक्शन घेतलं का अजून घ्यायचंय?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मामीनंही माझ्याकडे पाहिलं.

"अनिल, तू चहा टाक जा."

मी आत गेलो. चुलीपाशी उभा राहिलो तर बाहेरून मामीचा आवाज येत होता, पहिले पंधरा दिवस कसे जातात, घाम कसा येतो, काय खायचं, बायकोला काय सांगायचं... तो माणूस बराच वेळ नुसता हुंकार देत होता. चहा उकळायला लागला तेव्हा त्यानं खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते माहीत होतं, दिंडोरी मागे पडल्यावर मामांनी मला विचारलेलं तेच.

"आमचे होते की," मामी म्हणाली. "आधीपेक्षा जास्तच."