चौदाशे किलोमीटरची तयारी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा गाडी जॅकवर होती. धाराशिवच्या गॅरेजात मी स्टुलावर बसलो होतो. मेकॅनिक पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड दाखवत होता आणि मी त्याला विचारत होतो, हे अजून किती किलोमीटर चालतील. "सर, कन्याकुमारीला जाऊन परत या, वर अजून पाच हजार," तो म्हणाला. मी म्हणालो, तरी बदलूनच टाक. तेवढ्यात परंड्याहून भाच्याचा फोन आला. दाजी सकाळी चहा घेता घेता बसल्या जागी गेले होते. त्यांना घेऊन कन्याकुमारीला निघायला चार दिवस उरले होते, उन्हाळ्याच्या सुट्टीतली ही आमची चौथी तारीख... हे मी सहा आठवड्यांनी लिहितोय आणि अजून मला दुःखापेक्षा राग जास्त येतोय. बराचसा स्वतःचा, थोडा दाजींचाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परंडा तालुक्यात त्यांनी तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला. मी गणिताचा मास्तर, आकडे मांडल्याशिवाय मला राहवत नाही. वर्षाचे दोनशे दिवस आणि दिवसाला साठ किलोमीटर धरले तरी तीन लाख साठ हजार होतात, म्हणजे पृथ्वीला नऊ फेऱ्या. आणि हा माणूस सोलापूरच्या पुढं कधी गेला नव्हता. टँकर वस्तीवर पोचायच्या आधीच घागरींची रांग लागलेली असायची, नंबरावरून भांडणं व्हायची, ती सोडवायचं कामही यांच्याच गळ्यात. दोन वर्षांपूर्वी मी गाडी घेतली आणि दाखवायला परंड्याला गेलो. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला हलकेच लाथ मारून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, हिच्यात बसवून मला कन्याकुमारीला न्या. जिथं नंबर लावावा लागत न्हाय, असलं पाणी एकदा बघायचंय."

मी लगेच हो म्हणालो. माझ्या हो म्हणण्याचा अर्थ तयारीला लागलो, एवढाच असतो, हे ताईला माहीत होतं. ती आतून म्हणाली, "झालं. आता हा नकाशे काढील."

नकाशे काढलेच. परंडा ते कन्याकुमारी चौदाशे किलोमीटर, तीन मुक्काम, दिवसाला साडेतीनशेच्या वर नाही. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख ठरली. दाजींनी गुरुजींना विचारून सकाळी सहा वीसचा मुहूर्त काढून आणला. पण आदल्या दिवशी दुपारी मी टायर तपासले. चौतीस हजार किलोमीटर झालेले. चालले असते, सगळे तसंच म्हणत होते. मी फोन करून तारीख पुढं ढकलली. दाजी म्हणाले, "बरं." दुसरी तारीख त्याच सुट्टीत आठ दिवसांनी होती. तेव्हा तमिळनाडूकडं वादळाची बातमी आली. वादळ दुसरीकडंच वळलं. तिसरी तारीख जानेवारीतली, शिल्लक रजा जोडून काढलेली. तेव्हा माझं लक्ष स्टेपनीकडं गेलं.

"दाजी, टायरवर बनवल्याची तारीख असते. ही स्टेपनी सहा वर्षांची निघाली. शोरूमवाल्यानं जुनी घातली."

"मास्तर, माझ्यावर बी तारीख हाय. ती कुणी बघत न्हाय."

मी हसलो. तेही हसले. आणि मग म्हणाले, "गाडी न्यायचीय का तिचं लगीन लावायचंय? हळद तेवढी लावायची ऱ्हायलीय."

मला राग येतो तो इथं. हा माणूस चिडला नाही. टँकरवर दोन गावांची भांडणं मिटवणारा माणूस माझ्याशी एकदा तरी भांडला असता, 'चल, बस गाडीत' म्हणून दरडावला असता, तर मी निघालो असतो. कन्याकुमारीसाठी जपून ठेवलेल्या माझ्या नव्या टायरांवर आजवर नऊशे किलोमीटरसुद्धा झालेले नाहीत. त्यातले बरेचसे त्यांच्या चौदाव्याच्या खेपांचे.

काल रविवारी मी परंड्याला गेलो. ताई मला शेजारच्या गोदाकाकूंकडं घेऊन गेली. काकूंच्या सोप्यात खुंटीला एक तपकिरी रेक्झिनची पिशवी टांगलेली होती. काकू म्हणाल्या, "तुमच्या दाजीचं पस्तान हाय हे."

मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर त्या घटकेला आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवासाला निघालो असं धरतात. नंतर जाताना ती उचलायची. त्याला आमच्याकडं पस्तान म्हणतात. मी दिवाळीत फोन केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला दाजी अंघोळ करून, टोपी घालून काकूंच्या दारात उभे राहिले होते. पिशवीत एक जोड कपडे, टॉवेल आणि भडंगाचा डबा.

"दर बारीला तारीख मोडली की यायचे," काकू सांगत होत्या. "शिळं भडंग काढून आमच्या पोरांना द्यायचे, ताजं भरायचे. मी म्हणायची, भाऊजी, पिशवी तरी घरी न्या. तर म्हणायचे, कशाला? मी निघालोय की. मास्तर मागून येतोय."

मी पिशवी उचलायला हात पुढं केला, तर काकूंनी अडवलं. "घरी माघारी नेत नसतेत ते. जातानाच उचलायचं."

ताईनं पिशवीतला डबा काढला आणि ती घरी गेली. थोड्या वेळानं आली तेव्हा डबा गरम होता. तो तिनं कपड्यांशेजारी नीट बसवला आणि मला विचारलं, "कधी निघायचं?"

मी म्हणालो, "ताई, आधी वर्ष तरी होऊ दे. लोक काय म्हणतील, आणि पावसाळ्यात घाटातले रस्ते..."

"तुझं 'आधी' कधी संपलंय का रे?" ती म्हणाली. तिनं पिशवीची चेन लावली, पिशवी खुंटीला अडकवली आणि माझ्याकडं न बघता काकूंना म्हणाली, "दोन दिस राहू द्या अजून. परवा सकाळी मी आन् हा उचलतोय."