दोन्ही बाजूंचा साइन एक्स

मुलीला जहाजावर नोकरीला जायचं होतं. तिचा काका बोटीवर आहे, त्यामुळे घरात कुणाला नवल वाटलं नाही. बारावीला गणितात गुण कमी पडले आणि त्या अभ्यासक्रमाचा प्रवेश अडला. ते सुधारायला ती पावसाळ्यात पुन्हा परीक्षेला बसणार होती. शिकवायला मी. कधीकाळी बीएस्सी झालो होतो; पुढचं आयुष्य रत्नागिरीतल्या एका दैनिकात इतरांच्या बातम्या कापण्यात गेलं.

सकाळी कामावर जाण्याआधी आम्ही स्वयंपाकघरात बसायचो. डोक्यावर दोरीला ओले कपडे. दोघंही कंटाळलेले.

त्या दिवशीचं गणित असं: साइन टू एक्स बरोबर साइन एक्स, शून्य ते एकशेऐंशी अंशांतल्या सगळ्या उकली काढा. तिने साइन टू एक्सच्या जागी टू साइन एक्स कॉस एक्स लिहिलं. साइन एक्स दोन्हीकडे आला. मी पेन घेऊन दोन्हीकडचा उडवला. कॉस एक्स बरोबर एक द्वितीयांश.

"साठ अंश. झालं."

"पुस्तकाच्या मागे उत्तरं तीन दिलीत, बाबा."

"छपाईची चूक असेल."

तव्यापाशी उभी असलेली बायको म्हणाली, "हो, चुका दुसऱ्यांच्याच छापतात. तुमच्या पेपरात कुठे असतात!"

मुलगी वहीकडे बघत राहिली. "तुम्ही बातमीसारखं कापलंत. साइन एक्स शून्य असला तर? शून्याने भागलंत की!"

तिने सगळं डावीकडे आणलं. साइन एक्स कंसाबाहेर काढला. आत राहिलं टू कॉस एक्स वजा एक. गुणाकार शून्य, म्हणजे दोघांतला कुणीतरी शून्य. साठच्या जोडीला शून्य आणि एकशेऐंशी अंशही आले.

दुसऱ्यांदा आलेला शब्द काढून टाकायचा, हे माझ्या कामातलं पहिलं शिक्षण. हात आपोआप जातो.

"यापुढे पेन माझ्याकडे," ती म्हणाली.

गणिताचा पेपर सुटला तेव्हा मी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी छत्री घेऊन उभा होतो.

"आलं होतं का तसलं?"

"आलं. या वेळी कॉस होता."

"कापलास?"

"बाबा, मी घरी जाऊन झोपणारे."

निकालात गुण पुरले, जेमतेम. तिने फोन आईसमोर धरला. बायकोने निकाल नीट वाचला.

"म्हणजे आता ही जाणार," ती म्हणाली, आणि दोरीवरचे कपडे हाताने चाचपायला लागली. अजून ओलेच होते.