उणे दोनशे अठ्ठावीस

मुलगी जर्मनीला गेल्यापासून आमचा फोन रविवारी दुपारी साडेचारला असतो. बायको गेल्यावर नाशिक रोडच्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच. जेवण, गोळ्या, हवा इतकं विचारून झालं की चार मिनिटांत बोलणं संपायचं. मी घड्याळ पाहतो, जुनी सवय आहे.

एकदा सहज विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय?" त्या दिवशी बावीस मिनिटं झाली.

ती एका चुंबकीय अर्धवाहकाचे अणूइतके पातळ थर काढते. "कांद्याचा पापुद्रा काढतो ना बाबा, तसं. फक्त चिकटपट्टीने." असे दोन थर एकावर एक ठेवून ट्रान्झिस्टर बनवायचा. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःचं बारीकसं चुंबकत्व असतं, त्याला स्पिन म्हणतात. दोन्ही थरांतले स्पिन एका दिशेला असले की वीज सहज जाते, उलट असले की अडते. हवा लागली की थर काही मिनिटांत खराब होतो, म्हणून सगळं काम बंद पेटीत, रबरी हातमोज्यांतून.

मी वही केली. दर रविवारी एक प्रश्न. पेन्सिलीच्या शिशावर चिकटपट्टी लावून थरही काढून पाहिले. दिवाळीपर्यंत मला सगळं कळलं आणि वहीत प्रश्न उरला नाही. मग मी खोटं बोललो. "ते स्पिनचं पुन्हा सांग गं, डोक्यात राहत नाही."

ती न कुरकुरता पहिल्यापासून सांगायची. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "आणि हे चुंबकत्व फक्त थंडीत टिकतं. उणे दोनशे अंशांच्या खाली नेलं की झालं."

"उणे दोनशे अठ्ठावीस," मी म्हणालो. वहीत तसंच लिहिलं होतं, आणि चुकीचा आकडा मला ऐकून सोडता येत नाही.



"डोक्यात राहत नाही ना, बाबा?"

मी वही मिटली.

"कधीपासून कळलंय?"

"तीन रविवार."

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मी लॅबमध्येच आहे. आता माझे हात पेटीत जातील, बोलता यायचं नाही. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवते. तुम्ही कट करू नका."

पेटीच्या पंपाची घरघर येत राहिली. मधेच तिचं "च्च" ऐकू यायचं. थर फाटत असावा. मी फोन ओट्यावर ठेवून चहा केला, कप धुतला, परत येऊन बसलो.

एक तास सात मिनिटांनी तिकडून आवाज आला, "आहात का?"

"आहे," मी म्हणालो.