चुन्याची रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो सुमेध, माझा धाकटा भाऊ, गेल्या वर्षी काविळीने गेला. आता तुम्हाला सांगते आहे — उशीर झाला आहे, ते कळतं.

सुमेधला वैमानिक व्हायचं होतं. त्यासाठी रेडिओवर बोलण्याची तोंडी परीक्षा असते. कडावला आमच्या खळ्यात त्याने चुन्याची एक रेघ मारली होती, रेघेपलीकडे धावपट्टी. मी उलट्या घमेल्यावर पुस्तक घेऊन बसायची. मी विमानतळाचा कंट्रोल टॉवर.

"रेडी फॉर डिपार्चर," तो रेघेवर उभा राहून म्हणायचा.

"थांब रं. पट्टीवर म्हस हाय."

"ताय, तुझी म्हस रोजच कशी गं मधी येते?"

नियम साधा होता. वैमानिकाने निघायला तयार आहे एवढंच कळवायचं, आणि तेही 'डिपार्चर' म्हणून. 'टेकऑफ' हा शब्द आधी टॉवरने उच्चारायचा, परवानगी देताना. मगच वैमानिकाने तो परत म्हणून दाखवायचा. नाहीतर अर्धवट ऐकून एखादा परवानगीशिवायच सुटायचा. सुमेध घाईत नेमका तिथेच चुकायचा. रेघेवरूनच म्हणायचा — रेडी फॉर टेकऑफ. मी घमेल्यावर टकटक करायची, की तो जीभ चावून पुन्हा सुरू करायचा. "मला कळत नाय गं कधी चुकतो ते," म्हणायचा. "तू हायेस म्हणून."

मला एम.ए.ला पुण्याला जायचं होतं. घरातून एकालाच बाहेर पाठवता येणार होतं, हे मला ठाऊक होतं. पण निदान मला विचारतील, असं वाटलं होतं. सुमेधच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी बाबा सहज म्हणाले, "बरं झालं, तुलाच जायचं नव्हतं. सुमेध बोलला मला."

मी असं कधी म्हटलं होतं? आणि त्याला एकदा तरी विचारलं का — असं का केलंस रे? नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन मी घमेल्यावर बसले.

"रेडी फॉर टेकऑफ," तो म्हणाला.

माझा हात उचलला गेला होता. मी तो खाली ठेवला. टॉवरच्या आवाजात परवानगी दिली. तो रेघ ओलांडून धावला — हात पसरून, हसत.

एकदा झालं असतं तर राग म्हणता आलं असतं. मी आठवडाभर तेच केलं. रोज.

परीक्षकांनी त्याला त्याच वाक्यावर थांबवलं. मग पुढचं काही आठवेना, असं त्याने घरी येऊन सांगितलं. पुन्हा परीक्षेला बसता आलं असतं, पण तो बसला नाही. रसायनीला एका कारखान्यात लागला. मीही पुण्याला गेले नाही.

त्याला कधी शंका आली का? वाटत नाही. माझ्या लग्नात, पाहुण्यांत, पुढे स्वतःच्या मुलीसमोरही — विमानाचा विषय निघाला की तो हसून म्हणायचा, "तायनं लय मेहनत घेतली माझ्यावर. मीच कच्चा."

ते वाक्य चुकीचं होतं. मी समोर बसलेली असायची. मी त्याला एकदाही थांबवलं नाही.