मिरचीला चुकवलेलं नाक

“तोंड मिटा काका! मिटा म्हणते ना! उघडलं, परत उघडलं!”

माझ्या निम्म्या वयाची डॉक्टरीण माझ्यावर ओरडत होती. आणि ज्याच्या एका हाकेनं अख्ख्या पेठेतली कबुतरं उडतात तो मी, सोलापुरातला पिढीजात शेंगाचटणीवाला, खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. बाईंनी माझ्या नाकाखाली स्टीलची थंडगार पट्टी धरली होती. चांगल्या नाकाच्या माणसानं श्वास सोडला की तिच्यावर वाफेचे दोन डाग उमटतात म्हणे. माझा उजवीकडं मोहरीएवढा एक, डावीकडं काहीच नाही. तेवढ्यात छाती फुटायला आली आणि मी तोंड उघडून शंभर बैलांचा श्वास एकदम ओढला.

“वास येतो का?”

“येतो की! मंद्रूपच्या बाजारात बोकड शिंकला तर त्यानं सकाळी काय खाल्लं ते मी हितनं सांगतो.”

बाईंनी मला डोळे मिटायला लावले, एक बाटली नाकाखाली धरली. कसला वास? मी आठवल्यासारखं तोंड केलं. मागं बाकावर बसलेली माझी बायको, मंगल, सवयीनं खोकली.

“काकू, तुम्हाला खोकला आहे?”

“मला न्हाय,” मंगल म्हणाली. “तो ह्यांच्या नाकाचा हाय.”

झालं. दोन वर्षं झाकलेलं एका वाक्यात उघडं पडलं.

शेंगदाणे भाजताना डोळ्यांवर विसंबून चालत नाही. रंग बदललेला दिसेपर्यंत दाणा हुकलेला असतो. कच्चा वास जाऊन गोडसर वास सुटतो, त्याच क्षणी कढई उतरवायची. दहा श्वास उशीर झाला की चटणी कडू. आजोबांनी नाकावर धंदा केला, वडलांनी केला, मीही केला. मग नाक थांबलं. तीन घाणे करपले. मी दाण्याला शिव्या दिल्या, कढईला दिल्या, शेवटी सोलापूरच्या उन्हाला दिल्या. चौथ्या घाण्याला पोत्यांमागं लसूण सोलत बसलेली मंगल खोकली. मी कढई उतरवली. दाणा सोन्यासारखा! तेव्हापासून ती खोकायची, मी उतरवायचो, गिऱ्हाईक म्हणायचं, “नाक असावं तर असं!” आणि मी मान डोलवायचो. आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

बाईंनी नाकात दुर्बीण घातली. त्याला एंडोस्कोपी म्हणतात. मला वाटलं, ती मेंदूतून जाऊन टाळूतून वर येणार. मग सीटी स्कॅन, म्हणजे यंत्रानं काढलेले डोक्याच्या आतले फोटो. ते हातात आले आणि निदान कळलं. डेव्हिएटेड सेप्टम, म्हणजे नाकाच्या मधला पडदा वाकडा. आणि वर नेझल पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराला लोंबणारे मऊ गोळे. द्राक्षासारखे, बाई म्हणाल्या. माझ्या नाकात बाग लागली होती!

मी त्यांना आमच्या घराण्याचा नियम सांगितला. मिरची कुटताना नाकानं श्वास घेतला तो मेला. तोंडानं घ्यायचा, म्हणजे शिंक येत नाही. तीस वर्षं पाळला. पुढं पुढं मिरची नसतानाही तोंड उघडंच राहायला लागलं.

“मिरचीमुळं गोळे आले असं मी म्हणणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण काका, नाक ही चाळणी आहे. धूळ अडवते, हवा कोमट करते, ओली करते. तुम्ही चाळणी खुंटीला टांगून कोंड्यासकट पीठ मळताय. म्हणून घसा कायम सुकलेला, घोरणं, दिवसभर पेंग.”

“वास परत येईल?”

“नाक मोकळं करून देईन. वासाचं वचन देत नाही.”

ते वाक्य घेऊन मी ऑपरेशनच्या टेबलावर गेलो.

शुद्धीवर आलो तर दोन्ही नाकपुड्या बंद. आत पॅकिंग, म्हणजे रक्त थांबावं म्हणून ठासलेल्या पट्ट्या. दोन दिवस. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांना खरं सांगतो, दुखत फार नाही, पण माणूस स्वतःच्याच डोक्यात कोंडला जातो. झाकण लावलेल्या डब्यातला दाणा व्हावा तसा. पाण्याचा घोट घेतला की कानांना दडे बसतात. जीभ पापडासारखी. घास गिळायचा की श्वास घ्यायचा, एकच काहीतरी. दुसऱ्या दुपारी मी पट्ट्या ओढायला हात नेला. मंगलनं दोन्ही मनगटं धरली आणि सोडलीच नाहीत. तिच्या हातांना लसणाचा वास असणारच. मला येत नव्हता. मोठ्यानं बढाई मारणारा मी, त्या दुपारी आवाज न करता रडलो.

पट्ट्या निघाल्या तेव्हा इतक्या निघाल्या की जोडून सोलापुरी चादर झाली असती! आणि मग हवा आली. थंड, थेट मागपर्यंत. पण तिला वास नव्हता.

महिनाभर मिरचीजवळ फिरकायचं नाही, सलाईननं, म्हणजे मिठाच्या पाण्यानं, नाक धुवायचं, बाईंनी दिलेला फवारा मारायचा आणि तोंड मिटून बसायचं. दुकानामागच्या खोलीत मी आणि माझं मिटलेलं तोंड. बाहेर मंगल कढई हलवायची, तिला कुणाला खोकून सांगायची गरज नव्हती. उलथन्याची ती खरखर ऐकत मी श्वास मोजायचो. सकाळी उठल्यावर घसा ओला असायचा, घोरणं गेलं, दिवसाची पेंग गेली. ह्याचं श्रेय नाकाला देतो. फक्त एक सांगतो, मोबाईलवर बघून तोंडाला चिकटपट्टी लावून झोपू नका. आधी नाक तपासून घ्या. माझ्यासारख्याचं नाक बंद असलं तर दोन्ही दारांना कुलूप लागायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी असाच बसलो होतो, तोंड मिटून. आणि काहीतरी आत शिरलं. आधी धुरकट, मग कच्चट, मग एकदम गोड.

मी मनाई विसरून बाहेर धावलो. “उतरव! मंगल, उतरव! आत्ता!”

ती खोकली नव्हती. तिनं कढई उतरवली, एक दाणा चिमटीत चोळून तोंडात टाकला, सावकाश चावला. सालं फुंकून टाकली.

“झालाय बरोबर,” ती म्हणाली. “मग उद्यापासनं मी न्हाय खोकणार.”