सगळी फेरी तिसऱ्यात

माने मामा पहिल्यांदा माझ्या वर्गात आले ते ग्रीसने माखलेलं एक दातेरी चाक वर्तमानपत्रात गुंडाळून. सांगलीच्या एका पदविका महाविद्यालयात मी गणित शिकवत होते आणि ते खालच्या कार्यशाळेत मुलांना गाड्यांची कामं शिकवायचे. माझा तास अर्ध्यावर आला होता. "म्याडम, मागं बसू का? गुणोत्तर चाललंय म्हनं," असं दारातूनच विचारून, उत्तराची वाट न बघता ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा, ताठ पाठीचा माणूस मुलांमध्ये वही उघडून बसलेला पाहून वर्ग हसला. मामा हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी ते चाक माझ्या टेबलावर ठेवलं. प्रत्येक दात्यावर खडूची खूण होती.

"ह्या चाकाला अठ्ठ्याहत्तर दाते, हेच्या जोडीदाराला अठरा. हेचा आन गाडीच्या पळन्याचा संबंध काय, तेवढं सांगा. हाताला कळतंय मला. आकड्यात न्हाई कळत."

बारा वर्षं मी गुणोत्तर शिकवत होते. दूध आणि पाणी, मजूर आणि दिवस, यापलीकडे माझी उदाहरणं कधी गेली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदाच एका गुणोत्तराने माझं टेबल काळं केलं. आम्ही दोघं पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत आकडेमोड करत राहिलो.

मामा मूळचे कवठे महांकाळजवळच्या एका वाडीचे. सतरा वर्षं लष्करात ड्रायव्हर होते, नाईक म्हणून निवृत्त झाले. बर्फातल्या घाटांतून ट्रक चालवलेला हा माणूस गावी आला आणि त्याने एक जुनी, तीन सिलिंडरची, इवलीशी मोटार घेतली. तिचं मागचं सीट काढून टाकलं, दारं स्वतः रंगवली आणि तो तिला शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायला लागला. साताऱ्याच्या पुढे, महामार्गापासून आत एका माळावर कुणा हौशी माणसाने छोटासा ट्रॅक बांधला होता. तिथे महिन्यातून एका रविवारी कुणीही आपली गाडी आणून पळवू शकत असे. माझं माहेर वाईचं. मामा मला साताऱ्याच्या स्टँडपर्यंत गाडीतून सोडायचे आणि पुढची एसटी मी पकडायचे. एकदा मी म्हटलं, "आज वाईला उशिरा गेले तरी चालेल. तुम्ही करता तरी काय तिथे, ते बघू दे." मामांनी खिशातून स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं. जणू ते कधीपासून त्याच वाक्यासाठी जवळ बाळगत होते.

त्या दिवशी मला त्यांची अडचण कळली. ट्रॅकच्या एका टोकाला घाटातल्यासारखं गर्रकन उलटं फिरणारं वळण होतं आणि त्याच्यापुढे लांब सरळ पट्टा. वळणातून बाहेर पडताना दुसरा गिअर, मग तिसरा. तिसऱ्यात गाडी छान पळायची, पण पट्टा संपायच्या थोडं आधीच इंजिनाचे फेरे हद्दीला टेकायचे. त्यापुढे इंजिनाला इजा होऊ नये म्हणून लिमिटर पेट्रोल तोडतो. उचकी लागल्यासारखी गाडी गचके खायची. चौथा टाकावा, तर चौथ्यात त्या छोट्या इंजिनाचा जीवच जायचा आणि तो जीव परत येईपर्यंत ब्रेक मारायची वेळ झालेली असायची. मोठ्या गाड्या तेवढ्यात शेजारून निघून जायच्या.

मामा लिमिटरला 'हवालदार' म्हणायचे. "हवालदारानं हात आडवा घातला की भांडायचं न्हाई. मी नाईक, त्यो हवालदार. ऐकावं लागतं," असं म्हणून मोठ्याने हसायचे. कुणी तरुण त्यांना सुचवायचा, की लिमिटर काढूनच टाका. मामा त्याला शांतपणे सांगायचे, "गड्या, हद्द हाय म्हनून तर खेळ हाय. हद्द काढली की नुस्ता दंगा." आणि वळणात ते ज्या मोठ्या गाड्यांना गाठायचे, त्यांच्याबद्दल कधी वावगं बोलायचे नाहीत. "ती बी मानसं लय चांगली हायती. फकस्त वळनात ब्रेकला मिठी मारत्यात."

दोन वर्षं आम्ही त्या तिसऱ्या-चौथ्याच्या भांडणावर खपलो. मी तक्ते काढायचे: अमुक टायर, अमुक दाते, अमुक फेऱ्यांना अमुक वेग. मामा ते तक्ते घडी करून टोपीत ठेवायचे. एकेका सेकंदाच्या भागासाठी चाललेलं ते वेड बघून स्टाफरूममधले लोक आम्हाला हसायचे. मला मात्र रविवारची वाट बघायची सवय लागली होती.

मग मामा एकदम हट्टाला पेटले. एका सोमवारी येऊन म्हणाले, "म्याडम, सगळी फेरी तिसऱ्यात काढायची. दुसरा न्हाई, चवथा न्हाई. मधल्या दांडीला हातच लावायचा न्हाई. सोडवा."

मी हिशेब केला आणि सांगितलं, की हे शहाणपणाचं नाही. पट्ट्यावर हवालदार नको असेल तर तिसरा लांब, म्हणजे जास्त वेगापर्यंत पुरणारा, करावा लागेल, आणि लांब केला तर उलट्या वळणात गाडी मरगळेल. फेरी चार-पाच सेकंदांनी मंद होईल. दोन वर्षं जे कमावलं ते घालवायचं कशाला? मामा ऐकून घेत होते आणि दर दोन दिवसांनी तेच विचारत होते. "सोडवा की म्याडम." त्या आठवड्यात परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा माझ्यापुढे होता. मी वैतागून म्हटलं, "मामा, गिअर टाकायला तुमचा हात झिजतो का?"

मामा हसले. "झिजतोय खरा," म्हणाले, आणि डावा हात खिशात घालून जिना उतरून गेले.

चार दिवसांनी त्यांच्या पत्नी, शालन मामी, कॉलेजच्या फाटकाशी भेटल्या. हातात मिरजेच्या डॉक्टरांची जाड फाइल होती. रजेच्या अर्जाला ती जोडायची होती. मी सहज विचारलं, कुणाला बरं नाही? मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. "आवं, तुमास्नी ठावं न्हाई व्हय? मला वाटलं, तुमास्नी तर पयलं सांगितलं आसंल." मज्जातंतूंचा आजार होता. सुरुवात डाव्या हातापासून झाली होती. मूठ वळत नव्हती, शर्टाची बटणं मामी लावून देत होत्या. पुढे उजवा हात, मग पाय, मग वाचा. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. औषध नव्हतं.

मी कार्यशाळेत गेले तेव्हा मामा एकटेच होते, उजव्या हाताने पाने पुसत. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्दांच्या आधी रडूच आलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. ह्याच्यासाठीच सांगितलं न्हाई. सांगितलं आस्तं तर गनित ऱ्हायलं आस्तं बाजूला आन तुमी रडत बसला आस्ता. रडनारी मानसं घरी लय हायती म्याडम. गनित सोडवनारं तुमी एकच."

मी घरी जाऊन चार महिन्यांतही न केलेलं काम चार दिवसांत केलं. गाडीची चाकं फिरवणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीचं गुणोत्तर बदललं तर तिसरा पट्ट्याच्या शेवटापर्यंत पुरत होता, हे आधीच दिसत होतं. अडत होतं उलट्या वळणात. तिथे एरवीच्या वेगाने गेलं तर इंजिनाचे फेरे खाली पडायचे. पण वळणातला वेग जरा वाढवला, ताशी सात किलोमीटरनेच, तर इंजिन तगत होतं. मी मामांना सांगितलं, "गिअर नका बदलू. पण मग वळणात वेग सोडायचा नाही. जमेल?" मामांनी कागद बराच वेळ बघितला. "म्हंजी दुसऱ्याचं काम ब्रेक न मारून करायचं," म्हणाले. "जमंल. उजवा हात हाय आजून."

ट्रॅकच्या व्यवस्थापकांना मी सगळं खरं सांगितलं. इतर गाड्या असताना मामांना सोडणं बरोबर नव्हतं, आणि ते मामांनाही मान्य होतं. व्यवस्थापकांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाले, "दुपारी जेवायला सगळे थांबतात. वीस मिनिटं ट्रॅक तुमचा. शेजारी कुणीतरी बसायला हवं." शेजारी मी बसले. नवी दातेरी जोडी बसवलेली गाडी सांगलीहून मामींच्या धाकट्या भावाने, बाळूने आणली होती. तो म्हसवडला दुधाची गाडी चालवतो.

जागेवरून निघायला पहिला आणि दुसरा लागणारच होते. मामा क्लच दाबून "आता" म्हणायचे आणि मी दांडी सरकवायची, याची तालीम आम्ही कार्यशाळेच्या आवारात आठवडाभर केली होती. तिसरा पडला तसे मामा म्हणाले, "हात काढा. मांडीवर ठिवा."

पहिल्या फेरीत उलट्या वळणात गाडी मरगळली. दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्या फेरीला ते वळणात असे शिरले की मी दाराचं हँडल घट्ट धरलं. टायर किंचाळले, गाडी बाहेरच्या कडेला सरकत गेली, आणि वळण संपलं तेव्हा इंजिन मेलं नव्हतं. कुरकुरत, मग गुणगुणत, मग मोठ्याने गात ते पट्ट्यावर चढत गेलं. काटा हद्दीकडे सरकत होता. ब्रेकच्या खुणेवर आलो तेव्हा काटा हद्दीच्या किंचित अलीकडे होता. हवालदार आलाच नाही.

फेरी पूर्ण झाली. मामांनी गाडी कडेला घेतली, क्लच दाबला आणि विचारलं, "किती?"

मी मुठीकडे बघितलं. स्टॉपवॉच होतं. बटण मी दाबलंच नव्हतं.

मामा इतके हसले की हेल्मेट स्टिअरिंगवर आपटलं. "गनिताच्या म्याडम!" म्हणत ते पुन्हा पुन्हा हसत राहिले. मी म्हटलं, "अजून दहा मिनिटं आहेत. परत काढू या." मामांनी मान हलवली. डावा हात मांडीवर पडला होता, तो त्यांनी उजव्या हाताने उचलून नीट ठेवला. "न्हाई. आता बास. झाली ती झाली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचं कॉलेजला येणं थांबलं. मामी त्यांना वाडीला घेऊन गेल्या. मी पंधरा दिवसांनी एसटीने जायचे. दर वेळी काहीतरी गेलेलं असायचं: एकदा उजवा हात, एकदा चालणं. बोलणं जायला लागलं तेव्हा ते शब्द निवडून वापरायला लागले. एकदा खूप वेळ लावून म्हणाले, "उभी गाडी... गंजती. बाळूला द्या." त्यानंतर गाडीविषयी ते काही बोलले नाहीत, आणि महिन्याभरात काहीच बोलेनासे झाले.

बाळू गाडी न्यायला आला त्या दिवशी मी तिथे होते. मामींनी मामांची खाट अंगणात काढली होती. पाठीमागे उशा लावून त्यांना बसतं केलं होतं. बाळूने त्यांच्या पायांना हात लावला आणि तो गाडीत बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली, चढाला लागली. पहिला, दुसरा. मग त्याने तिसरा टाकलाच नाही. रोज दुधाची गाडी हाकणारा माणूस, पण त्याला बहुधा समोरचं काही दिसत नव्हतं. इंजिन दुसऱ्यातच ओरडत राहिलं, वर, आणखी वर, आणि मग उचकी लागली. एक, दोन, तीन.

मामांकडे बघवत नव्हतं. मान वळत नव्हती, ओठ हलत नव्हते. सगळा माणूस डोळ्यांत आला होता.

मी धावत फाटकाबाहेर गेले. पदर सावरायचंही भान नव्हतं. भर रस्त्यात उभी राहून, आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी ओरडले, "बाळू! तिसरा! तिसरा टाक रे!"

ऐकू गेलं की त्याचं त्यालाच सुचलं, मला माहीत नाही. आवाज एकदम खाली आला, मोकळा झाला आणि चढावरून पलीकडे उतरला. मी परत आले. मामी पदराने मामांचे डोळे पुसत होत्या. गाडीचा आवाज म्हसवडच्या रस्त्याने लांब लांब जात राहिला, मग मला ऐकू येईनासा झाला. मामी म्हणाल्या, "गेली." पण मामा अजून ऐकत होते. आम्ही दोघी त्यांच्याजवळ बसून राहिलो, त्यांचं ऐकून होईपर्यंत.

गाडी गेल्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला. "म्याडम, या," एवढंच म्हणाल्या.

मी गेले.